पळायला कोणती वेळ बरी?

नाही, पण तुम्हीच सांगा, पळायला दोन पाय लागतात, बूट लागतात, फार तर एक रस्ता लागतो... वेळ ठरवायला अख्खं गाव कशाला लागतं? तुम्हाला सांगते, खेळाच्या तासाला माझ्या बाकावरच्या प्रतिभाने मला मागून ढकललं म्हणून मी पळाले आणि पहिली आले, एवढाच माझा गुन्हा! सर म्हणाले, "वृषाली, तालुक्याला पंधराशे मीटर तूच. उद्यापासून सराव." आता मला पळायला आवडतं हो, मनापासून आवडतं, कारण पळताना कुणाशी बोलावं लागत नाही. हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाकाबाहेर जात नाही. तेव्हा माझी अट एकच. कुणी बघायला नको. बास.

मग वेळ कोणती? प्रतिभाने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "संध्याकाळी गं, तेव्हा अंग मोकळं असतं." संध्याकाळी? राजुरीत? अहो, त्या वेळी सगळं गाव डेअरीपुढे दुधाचे कॅन घेऊन उभं असतं! तरी गेले. तर सावळेरामतात्या रांगेतूनच, "आगं पोरी, काय झालं? घरी कोन सिरियस हाय का?" मी लाजून आणखी जोरात पळाले, तर मागून दुसरे, "थांब, गाडीव सोडतो!" दोन मोटारसायकली आधी माझ्यामागे, मग माझ्यापुढे... आणि घरी पोचले तर दारात ही माणसं जमलेली, चौकशीला! आई भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून विचारतेय, "आवं, पण कोन गेलं?" कुणी बघायला नको म्हटलं होतं ना मी?

बरं, दुपारी पळावं, तर रविवारी ठकूकाकूने ओट्यावरूनच पकडलं. "उन्हाची पळती व्हय? काळी पडलीस म्हंजे मग आमी पळायचं, स्थळं हुडकत!"

राहिली पहाट. सर म्हणाले होतेच, हवा शुद्ध, रस्ता मोकळा. रस्ता मोकळाच असतो हो, दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. बाबा म्हणाले, "त्यो काय पाटं झोपलेला असतो व्हय?" फॉरेस्टवाले सांगून गेलेत, अंधारात बाहेर पडायचं तर आवाज करत जा. आई म्हणाली, "मंग वरडत पळ की." ओरडत! मी!

तर बाबा उठले, गोठ्यात गेले आणि पाखऱ्याची घुंगुरमाळ घेऊन आले. पाखऱ्या म्हणजे आमचा शर्यतीचा बैल, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पहिला आला की अंगावर भंडारा उधळून घेणारा. ती माळ माझ्या कमरेला बांधली आणि म्हणाले, "लई भाग्याची हाय." झालं! पहाटे मी पुढे, छन् छन् छन् छन्, मागे बाबा मोटारसायकलवर, हेडलाइट थेट माझ्या पाठीवर... कुणी बघायला नको!

बिबट्या एकदाही आला नाही. गाव मात्र पहिल्याच दिवशी आलं. "पाखऱ्या सुटलाऽऽ!" म्हणत कासरे, काठ्या घेऊन लोक रस्त्यावर! आणि सगळ्यात पुढे हौशीराममामा. हे बैलांच्या शर्यतीत माईकवर पुकारा करतात. त्यांनी मला नीट पाहिलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या कोपऱ्यावर आले की अंगणातून आरोळी, "झालीऽऽ झाली झाली! भिर्रर्रर्र!" आणि खोटं कशाला बोलू, ती आरोळी ऐकली की माझे पाय मला न विचारता सुटायला लागले. बायका म्हणायला लागल्या, "वृषाली गेली, चहा ठेवा."

स्पर्धेच्या दिवशी देवाला म्हटलं, आज तरी कुणी नसू दे. मैदानावर गेले तर कुंपणाला आमचं गाव लटकलेलं! रेषेवर उभी राहिले. सरांनी शिट्टी तोंडाला लावली, अजून वाजवलीही नव्हती हो, आणि कुंपणावरून... "झालीऽऽ! भिर्रर्रर्र!"

सुटले मी! अर्धं मैदान गेल्यावर वाटलं, वा, कुणीच मागे नाही... कसं असेल? बाकीच्या सगळ्या रेषेवरच उभ्या! सगळं मैदान हसतंय, मी एकटी मध्यभागी. सर ओरडले, "परत ये! पुन्हा एकदा चुकलीस तर बाद!" मी मान खाली घालून परत आले. कानात बोटं घातली, सरांच्या गालांकडे बघत राहिले, गाल फुगले तशी पळाले. आणि एकदा पळाल्यावर थांबायचं कसं? थांबलं की लोक बघतात! म्हणून थांबलेच नाही, पहिली आले, रेषा ओलांडून तशीच फाटकापर्यंत गेले. पण तिथे मामा उभे होते. भंडाऱ्याची पिशवी घेऊन. माझा पहिल्या नंबरचा फोटो बघाल तर त्यात फक्त दात पांढरे आहेत.

आता जिल्ह्याला जायचंय. काल बाबांनी माळ परत पाखऱ्याला बांधली. म्हटलं, सुटले बाई! तर म्हणाले, "आता जिल्ह्याचं काम हाय, माळंनं काय व्हतंय? हलगीवाला सांगितलाय."

मी म्हटलं, "किती वाजता?"