न दिलेली हाक

बसा मंडळी, जरा पुढे सरका. आज तुम्हाला एकच विचारायचंय. ज्याच्या शब्दावर दहा माणसं हलतात, त्याच्या हातून चूक झाली, तर त्यानं ती सांगावी की गिळावी? सांगितली तर वजन जातं म्हणतात. आणि गिळली तर? तेच आज ऐका.

पिंपळवण नावाचं गाव. तिथं बालाजीचा रथ निघतो. चाक केवढं? माणसाच्या छातीला लागेल एवढं! ओढायला शंभर हात, पण थांबवायचा कसा? दोर सोडला म्हणून रथ थांबतो होय? नाही. चाकाखाली मोगरी घालावी लागते – मोगरी म्हणजे लाकडी पाचर. चाकाशेजारून चालायचं, नायकाची हाक आली की वाकायचं, पाचर सरकवायची आणि हात काढून घ्यायचा. काढायला उशीर झाला, तर पुढच्या वर्षी देवाला नमस्कार एका हातानं!

या मोगरीवाल्यांचे नायक भिकनआप्पा. एकवीस वर्षं त्यांच्या 'लाव' या हाकेवर रथ थांबत आला. डाव्या चाकाला त्यांचा बालमित्र सुपडू. नियम असा, की हाकेशिवाय कुणी मोगरी घालायची नाही. एकच चाक अडलं तर रथ फिरतो आणि गर्दीत घुसतो.

त्या वर्षी रथ चावडीच्या उताराला लागला. माडीवरून कुणीतरी म्हणालं, "आप्पा, जरा वर बघा." वरून फुलं पडली. आप्पांनी वर पाहिलं, हसले, हात जोडले. तुम्ही नसते जोडले? मी तर दोन्ही जोडले असते! पण तेवढ्यात रथ सुटला. सुपडू वाकलेला, मोगरी हातात, कान हाकेकडे. हाक आलीच नाही. रथ घसरत गेला तो कौतिकबाईंच्या ओट्यावर आदळला. ओटा फुटला, बाईंचा पाय मोडला.

पंचांनी विचारलं, "आप्पा, हाक दिली होती का?"

एका शब्दाचं काम होतं मंडळी. आप्पा म्हणाले, "दिली होती. सुपडूनं मोगरी उशिरा घातली."

सुपडूनं एकदा आप्पांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पंचांनी त्याची मोगरी काढून घेतली. पोरं त्याला 'उशिऱ्या' म्हणायला लागली.

वर्ष गेलं. रथाच्या आठ दिवस आधी रिकामा रथ ओढून सराव करायची तिथली रीत. आप्पा उभे राहिले आणि हाक दिली, "लाव… लाव, अरे लाव ना!" एकाच्या जागी तीन हाका. माणसं गोंधळली. आप्पांनी मोगऱ्या बदलल्या, माणसं बदलली, चाकांच्या तेलाला दोष दिला. नायकाचं बिनसलं की आधी लाकूड बदलतात बरं का!

घरी भाकरी वाढताना आप्पांच्या पत्नी इंदूबाई म्हणाल्या, "एक बोलू? त्या दिवशी मी कौतिकबाईंच्या शेजारीच उभी होते. तुमची हाक मला ऐकू आली नाही."

"गर्दी होती."

"गर्दी दरवर्षीच असते. हाक दरवर्षी ऐकू येते."

आप्पा ताटावरून उठले. भर दुपारी, रिकाम्या उतारावर एकटेच गेले. इथं रथ होता. इथं मी. इथं फुलं पडली. पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले. तिसऱ्या वेळी पाय थांबले. तोंड उघडलं होतं खरं, पण हसायला! आप्पा मटकन खाली बसले. अशी लाज वाटली की रस्त्यावर कुणी नसताना त्यांनी उपरण्यानं तोंड झाकलं. एका हाकेच्या तीन का होतात, तेही तेव्हाच कळलं. रथाची भीती नव्हतीच हो. ज्या तोंडानं खोटं सांगितलं, त्या तोंडावर त्यांचा स्वतःचाच भरवसा उरला नव्हता.

तसेच सुपडूच्या अंगणात गेले. तो बाज विणत होता.

"सुपडू, हाक मी दिलीच नव्हती."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या हाकेवरचा भरवसा उडाला असता, तर बाकीची माणसं कुणाच्या हाकेवर चाकाखाली हात घालणार होती?" सुपडूनं काथ्या ओढून घट्ट केला. "आणि भिकन, माझं नाव तू चौकात घालवलंस. माफी अंगणात मागतोस होय?"

रथाच्या दिवशी नारळ फुटायच्या आधी आप्पा सगळ्यांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. कौतिकबाई काठी टेकत पुढे आल्या. म्हणाल्या, "वर्षभर सुपडूनं मला पाणी भरून दिलं. मी ते त्याचं प्रायश्चित्त समजून घेतलं. एकदाही 'जरा बस' म्हणाले नाही त्याला." आणि त्या रडायला लागल्या. मग गावातली एकेक मान खाली गेली.

पंच म्हणाले, "सुपडू, यंदा हाक तू दे."

"हाक त्यालाच देऊ द्या, त्याच्याएवढा उतार कुणाला ठाऊक नाही. मी डाव्या चाकाला राहतो. पण भिकन, आता तू वर पाहिलंस तर मी ओरडणार."

"ओरड," आप्पा म्हणाले.

उतार आला. माडीवरून फुलं पडली. आप्पांनी सुपडूकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, आणि एकच हाक गेली – "लाव!" रथ जागच्या जागी उभा!

आता मंडळी, हे सांगून मी उठलो असतो. पण उठवत नाही. परवा याच मंडपात गाताना माझा ताल चुकला, सम हुकली, आणि मी पखवाजावरच्या या विष्णुबुवांकडे डोळे वटारून पाहिलं. तुम्ही त्यांना हसलात. ते मान खाली घालून वाजवत राहिले. दोन दिवस मी स्वतःला सांगतोय, तेच चुकले. विष्णुबुवा, चूक माझी होती. मला लाज वाटते.

सांगितलं बुवा एकदाचं. जीभ फार जड झाली होती. आता तुमची पाळी. तुमच्यामुळे ज्याची मान खाली आहे – भाऊ असेल, सून असेल, हाताखालचा माणूस असेल – त्याचं नाव आत्ता तुमच्या मनात आलंय. मला सांगू नका. त्याला सांगा, आणि चार माणसांत सांगा. कुणाला आत्ताच उठायचं असेल तर उठा, मी थांबवणार नाही. विष्णुबुवा, तुम्ही ठेका धरा. आज मी तुमच्या मागून येतो.