हलका घेतला, हरेशसाठी

माझं माहेर पन अर्नाळ्याचंच आनि सासर पन अर्नाळ्याचंच. लग्न झालं तेव्हा चार घरं ओलांडली आनि सासरची झाली, रडायला पन नीट जमलं नाय, कारन आई अंगनातून दिसत होती. बापाची बोट होती, लहान, पन स्वताची. आमी तीन बहिनी आनि एक भाऊ, काशिनाथ. तो सात-आठ वर्षांचा झाला आनि पडायला लागला. चालता चालता पडायचा, उठताना मांडीवर हात टेकून टेकून उठायचा, म्हाताऱ्यासारखा. मग बाप त्याला खांद्यावर घेऊन वाळूत नेऊन बसवायचा आनि आमी बहिनी त्याच्या भोवती खेळायचो. विशी गाठायच्या आत गेला. तेव्हा कोन डॉक्टर आनि कोन काय, लोक म्हनाले बाहेरचं हाय, आमी मानलं.

म्हनून सांगते ताई, माझा हरेश पयल्यांदा दारात पडला आनि मांडीवर हात टेकून उठला ना, तेव्हाच मला कळलं. डॉक्टरने नंतर सांगितलं. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेला होता, तिथली डॉक्टरीन बाई चांगली होती, हात धरून म्हनाली, स्नायूंचा आजार हाय, आईच्या रक्तातून येतो, मुलग्याला होतो, पन यात तुमची चूक काय नाय. सासूने त्यातलं आईच्या रक्तातून एवढंच ऐकलं. जाऊ दे, ती पन गेली आता, गेलेल्या मानसाचं काय बोलायचं.

हरेशला त्याच्या बाने दहावीपर्यंत शाळेत नेला. सकाळी बोटीवरून यायचा, अंगावर खारं पानी तसंच, पोराला सायकलवर बांधायचा, हो, बांधायचाच, दोरीने, नायतर पडेल म्हनून, आनि शाळेत नेऊन बाकावर बसवायचा. पोर हुशार. पन दहावीनंतर हात पन गेले. म्हनजे बोटं चालायची, पन हात उचलायचा नाय. पेन धरलं की घसरायचं. मग खिडकीशी खाटेवर बसून असायचा, मागे उशा लावून. मी मासली घेऊन विरारला जायची, एसटीने, मग पुलावरून पलीकडे फुलपाड्याला, तिथं माझी ठरलेली घरं होती. दुपारी परत यायची तर पोर तसंच, सकाळी ठेवलेलं तसंच. काय सांगू तुमाला, घरी यायची घाई पन असायची आनि उंबऱ्याशी पाय पन अडायचा.

एके दिवशी म्हनाला, आये, पेपरात बघितलं, बारके लॅपटॉप आलेत, शाळेच्या पुस्तकाएवढे, मोठ्याच्या निम्मी पन किंमत नाय. मला घेशील? मी म्हटलं काय करशील त्याचं? तो म्हनाला, बोटं चालतायत तोवर लिहीन. आता लॅपटॉप म्हनजे काय ते मला कुठं ठाऊक. फुलपाड्याला सावंत वैनी होत्या, कोकनातल्या, त्यांचे मिस्टर कंपनीत कम्प्युटरचंच काम करायचे, रविवारी घरी असायचे. त्यांना विचारलं. ते भले मानूस, पन त्यांनी कपाळाला हात लावला. म्हनाले मावशी, ते घेऊ नका. ते खेळन्यातलं हाय. पडदा एवढासा, डोळे फुटतील. मशीन हळू, एक काम करताना दुसरं सांगितलं की अडकतं. सीडी लावायला जागा नाय. आत काय साठवायचं तर जागा थोडी. पुढे वाढवता येत नाय. त्यापेक्षा थोडे थांबा, पैसे जमवा, मोठा घ्या, नायतर मी कोनाचा वापरलेला मोठा बघून देतो, त्याच पैशात. स्वस्त म्हनून घ्याल आनि दोनदा खर्च होईल.

खरं होतं त्यांचं. मी पन गिऱ्हाइकाला हेच सांगते ना, स्वस्त मासली स्वस्त नसते. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे पन तेच म्हनाले. म्हनाले, बोट घेताना कधी हलकं लाकूड घेतलं काय मी? मग पोराला हलकं कशाला देतेस? लोक काय म्हनतील, पोरींच्या पाठचा एकच मुलगा, त्याला पन हलकंच दिलं. त्यांचं पन दुखत होतं ते मला कळत होतं. त्यांना पोरासाठी मोठं काय तरी करायचं होतं, सगळ्यांना दिसेल असं.

मग सावंत भाऊंनी मला विरारला दुकानात नेलं, म्हनाले डोळ्यांनी बघा. दुकानदाराने दोन्ही मांडले, मोठा आनि बारका. मोठा मी उचलला, चांगला जड. म्हटलं हा माझ्या पोराच्या मांडीवर ठेवला तर पाय चेपतील, त्याच्या पायात राहिलंय काय, कातडी आनि हाड. बारका उचलला तर दोन सरंग्यांएवढा, म्हनजे दोन मोठ्या पापलेटांएवढा, एका हातात. सावंत भाऊंनी माझ्या पोराला कधी बघितलं नव्हतं, त्यांना वजनाचं सुचलंच नव्हतं. पन दुकानदार म्हनाला, मावशी, टेबल घ्या, टेबलावर ठेवा, मोठा सात-आठ वर्षं बघायला लागनार नाय. मी विचारलं, आनि हा बारका? तो म्हनाला, दोन वर्षं, फार तर तीन, जास्त भरोसा नाय.

मला काय झालं काय म्हाईत, मी तशीच दुकानातून उतरली. सावंत भाऊ मागून मावशी मावशी करत आले. मी म्हटलं भाऊ, उद्या सांगते.

घरी हरेश वाट बघत होता. काय झालं, आनला नाय? मी म्हटलं, बाळा, तो टिकत नाय म्हनतात, दोन-तीन वर्षं. मोठा सात-आठ वर्षं जातो, आपन मोठाच घेऊ, थोडं थांबू. तर पोर खिडकीतून बाहेर बघत होतं ते बघतच राहिलं, आनि हळू म्हनालं, आये, सात-आठ वर्षं कोनाला पायजेत?

मी समजत होती त्याला ठाऊक नाय. काशिनाथ मामाचं आमी घरात नाव काढत नव्हतो. पन पोर म्हनालं, मामाचा फोटो आजीकडे हाय, मागे आजोबांनी जन्माची आनि गेल्याची तारीख लिहिलीय. मला हिशोब येतो, आये. रडू नको, तो म्हनाला, बारका आन, आनि लौकर आन. मी त्याच्या पायाशी बसली होती, त्याला माझ्या डोक्यावर हात ठेवायचा होता, तो उचलेना, मग मीच तो उचलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आनला. मांडीवर ठेवायला फळी हेच घेऊन आले, फनसाच्या लाकडाची, घासून घासून गुळगुळीत केलेली.

सावंत भाऊंनी सांगितलेलं सगळं खरं निघालं हां. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की मी चूल पेटवून चहा ठेवायची. शाळेतल्या बाईंनी शिकायची सीडी पाठवली ती तशीच पडून राहिली, लावायची कुठं? पुढे पुढे हरेशची मान पुढे जाईना, बारकी अक्षरं दिसेनात, मग अक्षरं मोठी केली तर पडद्यावर दोन-तीन ओळीच मावायच्या. पन त्याच्या बटनांना जोर लागायचा नाय, नुसतं बोट टेकवलं की अक्षर उमटायचं. आनि तेव्हा आमच्याकडे लाइट तासन्‌तास जायची, तरी तो चालत राहायचा. सावंत भाऊ स्वता अर्नाळ्याला आले, त्यांनी त्यात मराठी अक्षरं घालून दिली. जाताना दारात मला म्हनाले, मावशी, मी चुकीचं सांगत होतो. मी म्हटलं नाय हो भाऊ, तुमी बरोबरच सांगत होता.

त्याने काय लिहिलं, विचारता? माझी गानी. मी लग्नात हळदीची गानी म्हनायची, आजीकडून आलेली, आमच्या बोलीतली. दुपारी जेवनं झाली की म्हनायचा, आये, म्हन. मी बोंबील साफ करत म्हनायची, तो एक एक अक्षर दाबायचा. हळू, आये, हळू. अख्ख्या दुपारी एखादं कडवं व्हायचं. हसायचो पन आमी. एखाद्या शब्दाला म्हनायचा, याचा अर्थ काय? मी म्हनायची मला काय म्हाईत, आजी म्हनायची म्हनून मी म्हनते. हे दारात जाळं शिवत बसायचे, ते तिथून अर्थ सांगायचे, चुकीचाच.

शेवटी मोठं हळदीचं गानं राहिलं. त्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं, ज्याचं लगीन त्याचं. मी नाव न घेता नुसतं नवरदेव नवरदेव म्हटलं. त्याने बोट थांबवलं. म्हनाला, असं नसतं ना म्हनायचं, नाव घाल. मी म्हटलं कोनाचं घालू? म्हनाला, माझं घाल.

मी म्हटलं ताई. सगळं म्हटलं, हरेशला हळद लागली, हरेशच्या अंगनात मांडव, सगळं. आवाज फाटला तरी म्हटलं. हे जाळं टाकून मागच्या दाराने समुद्राकडे निघून गेले. आनि पोराने सगळं लिहून घेतलं, चेहऱ्यावर हसू, खरंच नवरदेव असल्यासारखं.

पुढच्या थंडीत छातीत कफ झाला. फार त्रास दिला नाय त्याने, स्वताला पन झाला नाय. दोन दिवस. पोर गेलं तेव्हा मशीन चालू होतं, चांगलं चालत होतं.

सावंत भाऊंनी त्यातली गानी कागदावर काढून आनली. लॅपटॉप मी माझ्या थोरल्या पोरीला, वनिताला दिला, तिची मुलं खेळतात. मी आता लग्नात गात नाय, माझा गळा बसला तो बसला. पन वाडीतल्या पोरी ते कागद घेऊन गातात. त्या पयल्यांदा आल्या तेव्हा घाबरत घाबरत म्हनाल्या, काकी, यात हरेशदादाचं नाव हाय, ते आमी कसं बदलायचं? मी म्हटलं अगं बदला, गानं तसंच असतं, ज्याचं लगीन त्याचं नाव. तुमच्या भावांची नावं घाला, आनि त्यांना म्हातारं होऊ दे, नातवंडांच्या लग्नात बसू दे.

हळद असली की मी मांडवात जाते. मागे बसते. नाव यायची वेळ आली की पोरी माझ्याकडे बघतात, मी मान डोलावते, मग त्या घेतात, ज्याचं असेल त्याचं.