लिमयेकाकूंचा बांगडा

आमच्या वाचनकट्ट्याची एक रीत आहे. महिन्यातून एकदा जमायचं, काय वाचलं ते सांगायचं आणि हाताने केलेलं काहीतरी दाखवायचं. मागे मी सगळ्यांसाठी क्रोशाचे बुकमार्क विणून नेले. निळसर बांगडेच केले होते. डोकं पुस्तकात, शेपटी बाहेर.

वाटत वाटत लिमयेकाकूंपाशी आले नि हात थबकला. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही! पण त्यांना एकट्यांनाच वगळायचं तरी कसं? दिला. काकूंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि पिशवीत टाकला. मला महिनाभर रुखरुख.

पुढच्या वेळी काकूंनी पुस्तक उघडलं, तर खुणेला लग्नपत्रिकेचा तुकडा! मला राहवेना.

"काकू, राग आला का हो? तुम्हाला दुसरा करून देते, आंब्याचा."

"कशाला गो? गोड आहे तो. रोज तोच असतो पुस्तकात."

"मग आज कुठे गेला?"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मलाच काही कळत नाही.

"अगो, आज संकष्टी ना! आज बांगडा कसा चालेल?"