गुंफाच्या तळहातावरचं ऊन

माझा जन्म संग्रामपूरच्या बाजूचा, सातपुड्याच्या पायथ्याचा, आणि आता तुम्ही लिहूनच घेऊन राह्यले तर पहिलंच लिहा, की हा माणूस जन्माचा बह्याड, खुळा आहे, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याले सोपं जाईन. नाव शालिग्राम. लोक फोटोवाला शालिकभाऊ म्हणतात, माघारी काय म्हणतात ते लिहू नका, घरात सुना आहेत.

बापानं मले सतराव्या वर्षी खामगावले जिनिंगात लावून देलं. कपाशीचे ढीग यंत्रात लोटायचे, एवढंच काम, बैलालेही जमलं असतं, मले नाही जमलं. काऊन, तर चार वाजता वरच्या झरोक्यातून ऊन आत येये, आणि त्या उन्हात ती उडणारी रुई अशी दिसे, अशी दिसे, काय सांगू तुम्हाले, जशी कोणी हवाच पिंजून ठेवली. मी तोंड वासून पाहत उभा, यंत्र रिकामं खडखडून राह्यलं, आणि मुकादमानं मागून अशी एक ठेवून देली की उन्हाचे दोन झरोके दिसले. आठ दिवसात तीन खेप झालं असं. चौथ्या खेपेले त्यानं हात धरून दारातच नेलं, म्हणे, जाय बे, बाहेर फुकटचं ऊन आहे, पोटभर पाह्य.

मंग रहीमचाचाच्या स्टुडिओत लागलो. चाचा माझे उस्ताद. पहिल्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट शिकवली, अबे, सूरज अपनी पीठ पे रख, गिऱ्हाईक के मुंह पे. म्हणजे ऊन आपल्या पाठीवर, समोरच्याच्या तोंडावर, मंग फोटो साफ. आणि दुसरं म्हणे, जादा वक्त खडा मत कर, आंखें मिच जाती हैं. हे दुसरं ध्यानात ठेवा, शेवटी लागते. मी दोन्ही ऐकलं आणि दोन्ही मोडलं. ऊन पाठीवर घेतलं की त्याचा जीवच जाते ना. ते समोरून आलं पाह्यजे, नाहीतर बाजूनं. एका लग्नात नवरीले दारात उभी केली, मागून ऊन, डोक्यावरच्या पदराले अशी सोन्याची कड आली, मी खुश. फोटो धुतला तर पदर सोन्याचा आणि नवरी कोळशाची. तिचा बाप दुकानात येऊन म्हणे, हे माही पोरगी आहे का तव्याची सावली? चाचानं त्यायले चहा पाजला, मले उपाशी ठेवलं.

तरी त्याच माणसानं पुढं मले आपला जुना घडीचा कॅमेरा देला, तीन पायाचा स्टँड देला, म्हणे, जा, तेरे गांव में बिगाड़, मेरा नाम मत बिगाड़. मी संग्रामपूरच्या बाजारात टपरीएवढं दुकान टाकलं. तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्ष झाली असतीन, जिकडे पाहाव तिकडे उद्घाटन, विहिरीचं उद्घाटन, पाटीचं उद्घाटन, आणि उद्घाटन म्हटलं की फोटो. माहं बरं चालून राह्यलं होतं.

आता जे सांगतो ते सांगताना अजून डोकं तापते. गावाचं नाव नाही सांगत, जवळचंच आहे. तिथले एक पुढारी होते, त्यायचंही खरं नाव नाही देत, आबासाहेब म्हणू. होळी झाल्यावर आबासाहेबाचा निरोप आला, की शाळेचं छत नवं केलं आहे, कवेलू, म्हणजे कौलं, नवे, लाकूड नवं, काम झाल्याचा कागद तर महिन्याआधीच वर गेला, आता फोटो मागून राह्यले, तर येऊन काढ. गेलो. सकाळची शाळा, दहा वाजले होते. आबासाहेबानं मले समोर उभं केलं, इथूनच काढजो म्हणे, तिकडे मागं काटे आहेत. समोरून कवेलू खरंच लालभडक नवे. त्यायले फेटा बांधून मधात उभं केलं, पोट्टे बाजूले, चार फोटो काढले. आबासाहेब जीपीत बसून गेले. चला, संपलं. घरी जाव की नाही मी? पण तहान लागली.

शाळेत एकच बाई होत्या, कमळाबाई, दूरच्या गावच्या, एकट्या राहत. त्या म्हणे, भाऊ, आत या, पाणी प्या. मी आत पाय टाकला आणि तिथंच थांबलो. आत अंधार, आणि त्या अंधारात वरून उन्हाच्या काठ्याच काठ्या उतरलेल्या, तिरप्या, पंचवीस-तीस, आणि खाली जिथं टेकल्या तिथं गोल गोल कवडसे, पाटीवर, डोक्यावर, फळ्यावर, एकाच्या तर नाकाच्या शेंड्यावर. मले जिनिंगचा झरोका आठवला. मी पाणी विसरलो. म्हटलं, पोट्टेहो, उठा, तरटं झटका! ते कशाले थांबतात, त्यायनं बसायची तरटं अशी आपटली की धुरळाच धुरळा, आणि धुरळ्यात त्या उन्हाच्या काठ्या अशा उजळल्या की मले रडू फुटाव का हसू, कळेना. दुसरीतली एक पोट्टी होती, गुंफा, तिनं हात पुढं केला आणि कवडसा बरोबर तळहातावर झेलला, आणि मले म्हणे, काका, गरम नाही लागत! मी म्हटलं, हलू नको माय माही, हलू नको.

बाई मागून म्हणून राह्यल्या, भाऊ, जरा वरचा काढा ना. मी म्हटलं, बाई, वर काय आहे? त्या म्हणे, छताचा काढा. मी म्हटलं, बाई, छतात काही नाही, जे आहे ते उन्हात आहे. पाहा हे शहाणपण. त्या बाईनं दोनदा सांगितलं. आठ फोटो उरले होते, आठही खालीच काढले. छत एकातही नाही. आबासाहेबानं काटे आहेत म्हटलं तर मी मागं गेलो नाही, बाईनं वर पाहा म्हटलं तर मी वर पाह्यलं नाही, आणि लोकायले सांगत फिरतो की माही नजर लय बारीक आहे.

खामगावले जाऊन रोल धुतला. चाचानं तो गुंफाचा फोटो हातात धरला, उजेडात नेला, मंग म्हणे, अबे, ये तो तूने सचमुच का निकाला. त्या एका वाक्यावर मी दोन महिने हवेत. मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. बाजारचे लोक थांबत, पाहत आणि विचारत, काऊन बे शालिक, या पोट्ट्यायले देवी आल्या का? सगळ्यायच्या आंगावर फोड! एका म्हातारीनं तर काचेले हात जोडले आणि तोंडाले पदर लावून दुरून गेली. मी म्हटलं, माय, ऊन आहे ते. म्हातारी म्हणे, हाव, ज्याच्या त्याच्या आंगातली उष्णताच ती.

मंग श्रावण आला. भरल्या शाळेत, दुपारचं, मधलं लाकूड मोडलं आणि अर्धं छत खाली आलं. बाईनं पोट्टे भिंतीकडे लोटले म्हणून वाचले, स्वतःचं कपाळ फुटलं. गुंफाचा पाय लाकडाखाली आला.

तिसऱ्या दिवशी बाजारात मी दुकानात बसलेलो, तर काचेसमोर कमळाबाई, कपाळाले पट्टी, छत्री मिटलेली हातात, पावसात उभ्या. फोटो पाहून राह्यल्या. मी म्हटलं, बाई, आत या. आल्या नाही. म्हणे, भाऊ, तुम्हाला ऊन दिसलं. ते कुठून येतंय ते नाही दिसलं? महिना-दीड महिना मी वरच्यांना लिहीत होते की भोकं आहेत, आणि तुमचा तो बाहेरचा फोटो तिथं जाऊन बसला, की छत नवं आहे. आता आबासाहेब म्हणतात, छत नवंच होतं, बाईंनीच पोरं वर चढवली, कवेलू सरकवले. माझी नोकरी जाईल, ते जाऊ द्या. पण मी पोरं चढवली असं लिहिणार आहेत.

 आबासाहेबाची मले चीड आली, हे खरं, पण त्यापेक्षा मले माही चीड आली. ज्याच्यावर मी दोन महिने हवेत होतो ते काय होतं? पोट्ट्यायच्या डोक्यावरची भोकं होती! मी भोकायले सुंदर म्हटलं. आणि तरटं झटकायले लावली, की भोकं अजून चांगली दिसाव.

दुपारी जीप आली. कोणीतरी पाह्यलं असन बाईले माह्या काचेसमोर. आबासाहेब स्टुलावर बसले, चहा पेला, म्हणे, शालिक, तू आपला माणूस. ते आतले फोटो खराब आले म्हणतात, फोड आल्यावाणी. ते फोड काढून टाक, नाहीतर फिलमच देऊन टाक. पुढच्या वर्षीचे सगळे उद्घाटन तुलेच. मी म्हटलं, हाव आबासाहेब. बरोबर ऐकलं तुम्ही, मी हाव म्हटलं. दुकानामागंच आमचं घर, बायको आत चुलीपाशी ऐकून राह्यली होती, आबासाहेब गेल्यावर बाहेर आली, नुसती पाहे मह्याकडे, ते जास्त लागलं.

फिलमवर सगळं उलटं असते, ऊन काळं दिसते, म्हणजे ते काढायचं तर ब्लेडनं हळूहळू खरवडायचं. मी ब्लेड घेतलं. एक फिलम उजेडात धरली, तिच्यात गुंफा. पहिला तिच्याच तळहातावरचा कवडसा खरवडला, आणि कागदावर काढून पाह्यलं. तर तळहात रिकामा. पोट्टी हात पुढं करून उभी आहे, तोंड हसते आहे, आणि हातात काहीच नाही, जशी भीक मागून राह्यली. माह्या आंगाचा असा भडका झाला की ब्लेडच खिडकीबाहेर फेकलं. ती फिलम गेली वाया. बाकी सात होत्या. पुढची येष्टी धरून खामगावले गेलो, चाचाले म्हटलं, उस्ताद, सातही मोठे करा, एवढे मोठे की आंधळ्याले दिसतीन.

चौकशीले एक साहेब आले, चावडीत बसले, चांगला शिकलेला माणूस. आबासाहेब बाजूच्या खुर्चीत. बाई उभ्या. गुंफाले बापानं खांद्यावर आणलं होतं, पायाले बांबूच्या कामट्या बांधलेल्या. मी कुठं? मी खांबामागं. मी आणून देलेले ते मोठे फोटो बाईनं साहेबापुढं ठेवले. साहेबानं एक उचलला, चष्मा वर केला आणि म्हणाला, वा! काय प्रकाश पकडलाय! कोणी काढला? मला याची एक प्रत मिळेल का?

आता सांगा. जन्मभर ज्या वाक्याची वाट पाह्यली ते वाक्य, शिकलेल्या माणसाच्या तोंडून, भर चावडीत. आणि मले वाटलं, स्टँड उचलून त्याच्या डोक्यात घालाव. अरे बावा, ते पाय मोडलेलं लेकरू तुह्यासमोर आहे ना!

बाई हलल्या नाही. म्हणे, साहेब, फोटोतला फळा वाचा. फळ्याच्या कोपऱ्यात त्या रोज लिहीत, दिनांक, वार, पट किती, हजर किती, सगळ्याच शाळेत लिहितात. साहेबानं वाचलं. काम पूर्ण झाल्याचा कागद समोर होता, तो वाचला. कागद फळ्यावरच्या तारखेच्या महिन्याआधीचा, म्हणजे छत नवं झालं असं लिहिल्यावरही भोकं होतीच.  मंग आबासाहेब हसले, म्हणे, साहेब, शाळेला खिडक्या आहेत, ऊन खिडकीतून आलं. साहेबानं मान हलवली, तेही खरं म्हणे.

तेव्हा मी खांबामागून निघालो. जन्मभरात मले एकच गोष्ट येते आणि ती मले या दोघाहीपेक्षा जास्त येते. मी म्हटलं, साहेब, खिडकीचं ऊन चौकोनी पडते. बारक्या भोकाचं गोल पडते. भोक कसंही वाकडंतिकडं असो, खाली गोलच. पटत नसन तर आता चला बाहेर, कवेलूत भोक करून दाखवतो. आणि हे मोजा, एका फोटोत सत्तावीस आहेत. आबासाहेबानं मह्याकडे पाह्यलं, मी खाली पाह्यलं, पण बोलून तर झालं होतं.

तुम्हाले वाटन, मंग आबासाहेब गेले असतीन तुरुंगात. काही नाही गेले. साहेबानं लिहिलं की छत जुनं होतं, दोष कोणाचाच नाही. कोणाचाच नाही! पण बाईची नोकरी राह्यली, आणि पोरं चढवली हे वाक्य कागदावर नाही आलं. छतावर टिना, म्हणजे पत्रे, मंजूर झाल्या. आणि टिनाच्या छताचं उद्घाटन कोणी केलं? आबासाहेबानं. फोटो काढायले कोणाले बोलावलं? मलेच. हा माणूस मले विकत घेऊन राह्यला होता की चिडवून राह्यला होता, कोण जाणे. आणि मी गेलो का? गेलो ना बे, लाज कुठं आहे!

पण त्या दिवशी, चाळीस वर्षात एकदाच, मी उस्तादाचं बरोबर ऐकलं. ऊन माह्या पाठीवर, आबासाहेबाच्या तोंडावर. दहा वाजताचं, वैशाखाचं. स्टँड लावला. म्हटलं, आबासाहेब, वर पाहा जरा, असे, सूर्याकडे, तेज येते तोंडावर. हलू नका. मी कॅमेरा पुसला. स्टँडचा एक पाय काढून पुन्हा लावला. म्हटलं, हलू नका हो, तुम्ही हलले की फोटो हलला. घाम फेट्यातून खाली. डोळ्यायतून पाणी. बाई दारात उभ्या, पदर तोंडाले. मंग मी बटण दाबलं.

तो फोटो अजून शाळेत आहे, हार घातलेला. सगळं साफ, फेटा साफ, मिशी साफ, आणि डोळे गच्च मिटलेले, तोंड असं वाकडं, जसं माणूस मिरची खाऊन रडते. पोट्टे त्याच्याखाली बसून पाढे म्हणतात.

चाचा गेले. बाई बदलून गेल्या, जाताना गुंफाचा एक फोटो घेऊन गेल्या, पैसे देत होत्या, मी कसे घेऊ? माही उन्हाची खोड गेली नाही. अजून पाटाएवढं ऊन घरात आलं तरी मी हातचं काम टाकून पाहतो, मजा येते, खोटं काऊन बोलू. फक्त आता आधी वर पाहतो.

गुंफा जरा लंगडते. तिले नातवंडं झाली. बाजारले आली की दुकानात बसते, पाणी पेते, आणि म्हणते, काका, माहं ऊन दाखवा. मी भिंतीवरून तो फोटो उतरवून तिच्या मांडीवर ठेवतो. ती पाहते, आणि तळहात आपल्या पदराले पुसते. सुखी राहो माही माय. आणि आबासाहेबही, जिथं असतीन तिथं, डोळे उघडे ठेवून राहो.