ठकीचे टाके

तसं मला सांगायचं नाहीये, मामाआजोबा, आबांनी शपथ घातलीय — पण तुम्ही आजीचे, तुमच्या सरूअक्काचे, सख्खे भाऊ, बोरीहून एवढ्या उन्हाचे आलात, वर ही केळी... केळी तिला चालत नाहीत. तिला म्हणजे ठकीला. मांजरीला. ऑपरेशन तिचं झालंय, आबांचं नाही.

हसू नका ना, आत ऐकू जाईल! बसा इथं ओट्यावर. झालं असं — ठकीच्या पोटात पिल्लू अडलं, दोन दिवस कण्हत होती, आणि आबा — तेच आबा, जे पारावर म्हणायचे, "मांजराला कसला आलाय डाक्टर?" — तेच तिला शालीत गुंडाळून जीपनं नारायणगावला घेऊन गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, सहा टाके घातले. परत येताना आबा वाकून, पोटाशी शाल धरून जीपमधून उतरतायत, तर समोर गेणभाऊ. "हौशीरामबापू, आपरेशन झालं काय?" आता मांजर दाखवायचं कसं? आबा म्हणाले, "व्हय. हर्नियाचं." संपलं! संध्याकाळी अख्खं निमगाव भेटायला हजर.

तेव्हापासून आबा खाटेवर, आणि ठकी आबांच्या पांघरुणात. टाके चाटू नयेत म्हणून तिच्या गळ्यात आबांच्याच छातीचा जुना एक्सरे गोल कापून घातलाय. ती ओरडली की आबांनी कण्हायचं — ती ओरडते बारीक, म्हणून आबाही बारीकच कण्हतात. लोक म्हणतात, लई खचला माणूस! परवा सोमाजीनाना तर रडलेच. त्यांनी आणलेली बिस्किटं दुधात भिजवली की ठकीला लई आवडतात.

आणि सेवा कोण करतं? आजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी चाचपडत दूध कोमट करते, ड्रॉपरनं औषध पाजते. काल गेणभाऊ समोरच बसले होते, आजीनं पांघरुणात हात घातला, तोंड चाचपलं, मिशा लागल्या — आणि मांजरीचं औषध आबांच्या तोंडात सोडलं! आबांनी मुकाट्यानं गिळलं. बोलणार काय, गेणभाऊ बघत होते! मला हसू आवरेना. मग आजीकडं बघितलं, आणि नाही आलं हसू.

कारण उद्या बेल्ह्याला डोळ्यांचं शिबिर आहे. आजीचं नाव मीच दिलंय, शाळेतल्या सरांकडं. पण सोबत घरचं मोठं माणूस लागतं, सहीला. आई-बाबा तर पुण्याला. गेल्या वर्षी आबा म्हणाले, "या वयात डोळ्याला चाकू? काय बघायचं ऱ्हायलंय तिचं?" यंदा म्हणतात, "आलो असतो गं, पण टाके!" कुणाचे टाके? मी विचारलं नाही. मी कधीच विचारत नाही. आजी काय, म्हणते, "ऱ्हाऊ दे बाई, ठकीचं कोण करंल?"

पण भाऊसुद्धा चालतो, मामाआजोबा. सरांना विचारून ठेवलंय. म्हणून तर दुधाच्या गाडीबरोबर ती चिठ्ठी — हो, "आबा सिरियस, लगेच या" — ती मीच लिहिली. रागावू नका. ठकीचं लिहिलं असतं तर तुम्ही आला नसता. आणि आजीच्या डोळ्यांचं... ते दोनदा लिहिलं होतं ना मी. दिवाळीत, आणि संक्रांतीला.

आत चला. पांघरूण उचलू नका, आबांना काही विचारू नका. फक्त एवढंच म्हणा, की सरूअक्काला उद्या मी — अहो, चपला कशाला घालताय? — आले, आबा! कुणी नाही, आले! — मामाआजोबा, सही एकच लागते, फक्त तुमची, तेवढी —