निम्मा उरलेला तांदूळ

बाबा भोरहून इकडे परदेशात, पुंगोलला आमच्याकडे राहायला आले होते ना, तेव्हाची गोष्ट. जुरोंग ईस्टच्या एका दुकानात मला साके, म्हणजे जपानी लोकांची तांदळाची दारू, चाखायला बोलावलं होतं. "मी घेत नाही, नुसता बसतो," म्हणत बाबाही आले.

बसल्याबसल्या मी सवयीने खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी फोडली. बाटली उघडायच्या आधी जपानी मालकाने एक बशी पुढे केली. आत मोत्यासारखे बारीक दाणे. म्हणाला, "घासून घासून निम्मा उरलेला तांदूळ. साके ह्याचीच."

बाबांनी आयुष्यभर भोरला भाताची गिरणी चालवलेली. त्यांनी बोटाने दाणे पसरून पाहिले.

"अरे, ह्यात कणी कुठंय? विचार त्याला, किती वेळ घासला?"

"तीन दिवस," मालक म्हणाला.

"तीन दिवस! आणि एक दाणा तुटला नाही?"

बाबा उभेच राहिले. तीर्थाला धरतात तसा तळहात पुढे केला. मालकाने काही न विचारता बाटली उघडून त्यात चार थेंब घातले. बाबांनी डोळे मिटून ते घेतले, हात डोक्यावरून फिरवला. मालक कमरेत वाकला.

बाबा माझ्याकडे वळले.

"ते शेंगदाणे आधी खिशात घाल."