ओटीपी चोराला गेला

नाही, पण कार्ड चोरीला गेलं हे कळवायला त्याच कार्डाचा नंबर लागतो, हे ज्या कुणी ठरवलं ना, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. भांडायला नाही हो, नुसतं बघायला. त्यालाही बायकोमुलं असतील, तोही तुमच्याआमच्यासारखा जेवत असेल, झोपत असेल... आणि सकाळी ऑफिसात जाऊन लिहीत असेल, 'कार्ड हरवले असल्यास दोन दाबा.' मी दोन दाबलं. 'कृपया आपला सोळा अंकी कार्ड क्रमांक टाका.' अरे बाबा, कार्ड असतं हातात तर दोन कशाला दाबलं असतं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, संपतरावांचं वय झालं.

तुम्हाला सांगतो, मला परदेशात जायचंच नव्हतं. मी पुण्याच्या वारज्यात जन्मलेला माणूस, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअरला आयुष्य गेलं, आता पेन्शनीत बसलोय. पण आमचा सार्थक आयटीत, त्याच्या डोक्यात आलं की आईबाबांनी युरोप बघावा. आणि टूरबरोबर नाही बरं का. 'बाबा, टूरवाले नुसते पळवतात, तुम्ही दोघं निवांत फिरा, मी सगळं बुक करून देतो.' दिलं बुक करून. लिस्बन. पोर्तुगालची राजधानी. मी म्हटलं, ठीक आहे, गोवा पाहिलाय आपण, त्यांचीच माणसं, काहीतरी ओळखीचं निघेल. निघालं ना. चोर निघाले.

तिथं एक पिवळी ट्राम आहे, चढावर कुंथत कुंथत जाते, स्वारगेटच्या बसमध्ये असते तशी गर्दी. मी उभा, शेजारी आमची विजयमाला उभी, आणि एका बाईनं माझ्या शर्टावर लाल सॉस सांडला. लगेच सॉरी, सॉरी म्हणत रुमाल काढून पुसायला लागली. दुसरी एक बाई आली, तीही पुसायला लागली. मी म्हणतोय राहू द्या हो, राहू द्या, आणि विजयमाला मला म्हणते, 'बघा, किती चांगली माणसं. पुण्यात कुणी पुसलं असतं का?' नसतं पुसलं. पुण्यात म्हणाले असते, नीट उभं राहता येत नाही का? आणि माझी पिशवी माझ्याकडेच राहिली असती.

कारण पुसून झालं, बाया उतरल्या, आणि कमरेची पिशवीच नाही. नुसता पट्टा. त्या पिशवीत माझा फोन, तिचा फोन, सगळी कार्डं, रोख... तिचा फोन तरी का? तर सकाळीच म्हणाली होती, 'माझी पर्स उघडी राहते, तुमच्याकडे सांभाळून ठेवा.' सांभाळला. पासपोर्ट तेवढे हॉटेलात होते म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय.

आता मला सांगा, तुम्हाला तुमच्या मुलाचा नंबर पाठ आहे? म्हणून दाखवा बघू. बघा, गप्प बसलात ना? मीही तसाच बसलो, हॉटेलच्या रिसेप्शनवर. त्या कार्डांमागे माझं निवृत्तीचं सगळं होतं हो, आणि सार्थकनं निघताना परदेशातलं लिमिट वाढवून दिलेलं, 'टेन्शन घेऊ नका बाबा, कुठंही कार्ड लावा.' मी नव्हतो घेत टेन्शन. चोर लावत असणार कार्ड. रिसेप्शनचा माणूस बिचारा भला, त्यानं काँप्युटरवर बँकेचा नंबर शोधला. लावला तर टोल फ्री, म्हणजे फक्त भारतातून चालणारा. मग परदेशातून लावायचा दुसरा शोधला. मग ते दोन दाबा, सोळा अंक टाका, अंक नाहीत, धन्यवाद, फोन बंद. परत दोन दाबा. शेवटी काहीच दाबलं नाही, नुसता वैतागून बसलो, तर आपोआप एक मुलगी लागली. निशा. फार गोड बोलते. त्या गोडपणानंच माणूस खचतो.

'सर, मी आपली काय मदत करू शकते?'

मी म्हटलं, बाई, माझी कार्डं चोरीला गेलीत, सगळी बंद करा, आत्ता, या क्षणी.

'नक्की सर. सुरक्षेसाठी आपल्या मोबाइलवर एक ओटीपी पाठवलाय, तो सांगाल का?'

'अहो, तो मोबाइलही चोरीला गेलाय.'

'ओके सर. ओटीपी मिळाला नसेल तर दुसरा पाठवू का?'

'कुठं पाठवता?'

'त्याच नंबरवर सर.'

म्हणजे चोराला. मी इथं उपाशी बसलोय, आणि माझी बँक चोराला एकामागून एक ओटीपी पाठवतेय, आणि मध्येच विचारते, 'सर, आपण लाइनवर आहात ना?'

आहे बाई, लाइनवरच आहे. जाणार कुठं?

मग तिनं जन्मतारीख विचारली, सांगितली. आईचं नाव विचारलं, सांगितलं, बायडाबाई. 'धन्यवाद सर, पण कॉल वेगळ्या नंबरवरून आहे, तर एवढ्यावर ब्लॉक करता येणार नाही. आपल्या खात्याला एक पर्यायी संपर्क आहे. कोंडीराम. त्यांनी ओळख पटवली तर होईल. बोलू का त्यांच्याशी?'



कोंडीराम म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा. खातं उघडलं तेव्हा आम्ही एका ताटात जेवत होतो, म्हणून त्याचा नंबर दिलेला. आता आमचा अबोला. म्हणजे साधासुधा नाही. वडिलांच्या जमिनीवर आम्ही दोघांनी मिळून बिल्डिंग बांधली, खालच्या मजल्यावर तो, वरच्यावर मी, सगळं गुण्यागोविंदानं. आणि नावावरून फाटलं. मला आईचं नाव पाहिजे होतं, 'बायडाबाई सदन'. त्याला वडिलांचं, 'तात्यांची पुण्याई'. शेवटी दोन फाटकं केली आणि दोन पाट्या लावल्या. पोस्टमन वेडा झाला. तेव्हापासून तो माझा जिना चढला नाही आणि मी त्याच्या गोठ्याकडे फिरकलो नाही. हो, गोठा आहे अजून, चहूकडे टॉवर आणि मध्ये दादाच्या म्हशी.

मी निशाला म्हटलं, बोला. काय करणार? ती म्हणाली, लाइनवर राहा. राहिलो. गाणं वाजलं, सनईसारखं काहीतरी, त्यात विजयमाला शेजारी रडतेय, म्हणजे लग्नात पाठवणीला असतं ना, अगदी तसं. मग निशा परत आली.

'सर, ते म्हणतात, संपत नावाचं आमच्यात कुणी नाही.'

'काय?'

'आणि पुढे ते बरंच बोलले सर, पण ते मला नोंदवता येणार नाही. सर, आपण लाइनवर आहात ना?'

आहे बाई. लाइनवरच आहे, जाणार कुठं?

तर तुम्हाला सांगतो, जगात एकच नंबर मला पाठ होता, तो दादाचा. कारण आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून सिमकार्डं घेतलेली. शेवटचा आकडा सोडला तर नंबर एकच. रिसेप्शनवाल्यापुढं हात जोडले, त्यानं फोन पुढं सरकवला, मी लावला. तिकडे संध्याकाळची धार चाललेली, पलीकडून आधी म्हैस ओरडली, मग दादा.

'कोन?'

'दादा, मी संपत.'

'आत्ताच एक पोरगी बोलली संपतची म्हनून. आता संपतच आला व्हय? टोळी हाय का तुमची?'

'दादा, आवाज ओळख ना माझा.'

'आवाजाचं नगं सांगू. आवाज तर हुबेहूब हाय. पर आजकाल आवाजबी बनवत्यात, टीव्हीवर दाखवलं. आमचा संपत असशील तर सांग, आपल्या बिल्डिंगचं नाव काय?'

आता तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? मी विचार केला, माणूस गरजेला आहे, थोरला भाऊ आहे, त्याच्या मनासारखं होऊ दे. मनावर दगड ठेवला, डोळे मिटले आणि म्हटलं, 'तात्यांची पुण्याई.'

मग दादा कुणाला तरी म्हणाला, सत्यशीला वहिनी असणार, 'बघ, म्हनलं नव्हतं? चोरच हाय. आमचा संप्या मरंल, पर हे नाव तोंडातनं काढायचा न्हाई.' आणि फोन ठेवला.

ठेवला हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या पाटीपुढं मान तुकवली आणि त्यानं मला चोर ठरवलं.

परत लावला. रिसेप्शनवाला आता खुर्ची घेऊन बसला होता, त्याला भाषा कळत नव्हती, पण प्रसंग कळत होता. दादानं उचलल्याबरोबर मी सुरुवातच केली. म्हटलं, बिल्डिंगचं नाव बायडाबाई सदन आहे, होतं, आणि राहील, तुझी पाटी बेकायदा आहे, तुझ्या म्हशींचा वास माझ्या बेडरूममध्ये येतो, आणि वडिलांच्या नावाचा एवढा पुळका आहे तर त्यांच्या वर्षश्राद्धाला मला आमंत्रण का नाही दिलंस? आणि तिथं माझा आवाज फुटला. कार्डावरून नाही हो फुटला. ते वेगळंच काहीतरी होतं, ते कार्डाच्या निमित्तानं बाहेर आलं.

म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू येत होती.

'संप्या,' म्हणाला, 'काय झालं रं?'

सांगितलं सगळं. सॉस, बाया, पिशवी.

'विजयमाला बरी हाय का?'

'रडतेय.'

'जेवलासा का?'

बँकेनं जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं, सगळं विचारलं. जेवलात का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, 'थांब, तुझ्या पोराला सांगतो,' आणि फोन चालूच ठेवून निघाला. मला त्याची धाप ऐकू येत होती. जिना चढत होता. माझा जिना. गुडघे दुखतात त्याचे, प्रत्येक पायरीला आई गं, आई गं करत होता, आणि मी इकडे लिस्बनला रिसीव्हर कानाला लावून उभा, डोळ्याला धार. मग दार वाजवल्याचा आवाज आला, आणि सार्थकचा, 'काका? तुम्ही?'

पुढचं सार्थकनं पटापट केलं. हॉटेलशी बोलला, आमच्या खाण्यापिण्याची सोय लावली. पण कार्ड मात्र ज्याचं त्यानंच बंद करायचं, असा नियम. म्हणून परत बँक, परत काही न दाबता बसणं, आणि एवढ्या मोठ्या बँकेत परत निशाच. तिनं दादाला फोन केला. या वेळी तो म्हणाला, 'व्हय, आमचाच हाय, सख्खा हाय, कशाला छळता त्याला?' निशा परत आली.

'सर, ओळख पटली. सगळी कार्डं ब्लॉक केली आहेत.'

तुम्हाला काय सांगू, देवाला हात जोडले, विजयमालाला पाणी दिलं, पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवली. आणि रिसेप्शनचा फोन वाजला. दादा. पेंडीच्या दुकानातून.

'संप्या, माझं कार्ड चालंना. समदं वारजं बघतंय. पोतं टेंपोत चढवलंय माझं.'

ओळख पटली होती ना कोंडीरामची? मग कोंडीरामचीच कार्डं ब्लॉक झाली. त्याचंही खातं त्याच बँकेत, मोबाइल नंबरात एका आकड्याचा फरक. माझी चालूच. चोर आरामात फिरतोय आणि माझा भाऊ पेंडीच्या दुकानात उधारीवर उभा.

परत लावला. निशानं ऐकून घेतलं, म्हणाली, 'सर, गैरसोयीबद्दल क्षमस्व, मी दोघांनाही एकाच कॉलवर घेते.' घेतलं. आता एका कॉलवर मी लिस्बनला, दादा वारज्यात, मध्ये ती बिचारी. दादा तिला म्हणाला, 'ताई, चोरी त्याची झाली, शिक्षा मला का?' मी म्हटलं, दादा, तिला बोलू दे. तो म्हणाला, तू गप. मी म्हटलं, तू गप. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तिथं निघालं, विहिरीपासून पार्किंगपर्यंत. निशा मध्येच बारीक आवाजात, 'सर, आपण दोघं लाइनवर आहात ना?'

आणि आम्ही दोघं एकदम, 'आहे बाई, जाणार कुठं?'

झाली बंद. माझी झाली, दादाची परत सुरू झाली. चोरानं तोवर बूट घेतले होते, एकच जोड. बँकेनं नंतर चौकशी करून ते पैसे परत दिले, खोटं कशाला बोलू. निशा शेवटी म्हणाली, नवीन कार्डं आपल्या पुण्याच्या पत्त्यावर येतील. मी म्हटलं, मी इथं आहे. म्हणाली, 'हो सर, म्हणून घरी कुणीतरी असू द्या.'

परत आलो. विमानतळावर सार्थकबरोबर दादा उभा, हातात दुधाची बरणी. माझी बॅग घेतली आणि चालायला लागला.

तेव्हापासून रोज वर येतो. चहा घेतो, बसतो, आणि येईल त्या पाहुण्याला लिस्बनची गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीत सॉस नाही, चोराच्या हातात सुरा आहे, निशा तर नाहीच, आणि चोर यानं वारज्यातून फोनवर दम देऊन पकडलाय. मी एकदा दुरुस्त करायला गेलो, तर सगळ्यांसमोर म्हणाला, 'तू गप रं, तुला काय म्हाईत, तू कुठं हुतास तिथं?'

म्हणून म्हटलं, तो यायच्या आत खरं काय झालं ते तुम्हाला सांगून टाकावं... जिन्यावर वाजलं ना काहीतरी? आई गं, आई गं... आला.

ये दादा, बस. हो, तेच सांगत होतो यांना... बरं, बरं. तूच सांग.